घोडीची जागा

काडकन आवाज झाला आणि गिटारीची घोडी, तारांखालची लाकडी पट्टी, उभी फाटली. एक तुकडा उलथन्याबरोबर वर आला, दुसरा गिटारीच्या पोटाला गोंदात तसाच चिकटून राहिला. शेजारचा लाकडाचा नखाएवढा पापुद्राही निघाला. मालक चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या आवाजानं ते वळले. माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांना ओरडता येत नव्हतं.

मालक म्हणजे माझा नवरा. अर्धांगाचा झटका येऊन त्यांना सात महिने झाले होते. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डावा हात चांगला होता, ऐकू येत होतं, कळत सगळं होतं. चार दिवसांपासून त्यांनी तोंडात अन्न घेतलं नव्हतं. चमचा ओठाला लावला की दात घट्ट. पाणी आणि दोन घोट चहा, एवढंच आत जायचं. डॉक्टर गुरुवारी घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, "सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल." ती नळी मी माझ्या सासूच्या नाकात पाहिली होती. हात बांधून ठेवावे लागतात, नाहीतर माणूस ती उपसून काढतं. मालकांचा एकच हात चालत होता, आणि तो मला बांधायचा नव्हता.

आणि ते का खात नव्हते ते मला माहीत होतं. चूक माझी होती.

मालक ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नं, हळदी, गणपती, कुठे कुठे जायचे. कळवण, सटाणा, एकदा तर पार सुरतेपर्यंत. माझं माहेर मखमलाबादचं, फुलं पिकवणारं. लग्नानंतरही मी फुलांचाच धंदा केला. पहाटे फुलबाजार, मग दिवसभर हार. ते घरी असत तेव्हा मी बाजारात, मी घरी असे तेव्हा ते मांडवात. बेचाळीस वर्षांचा संसार असा झाला. भांडण फारसं नाही, कारण भांडायला दोघांना एका जागी बसावं लागतं.

गिटार मोठी होती, आतून पोकळ. पोटावर व्हायोलिनला असतात तशी दोन वळलेली भोकं. कार्यक्रमात तिला वायर लावत, पण पोकळ असल्यामुळे घरात वायरीशिवायही ऐकू यायची. मुंबईच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. संध्याकाळी कामावरून आले की पुढच्या खोलीत बसून वाजवायचे. मी मागे भाकरी करायचे. मला गाणं कळत नाही. आवाज कळतो. तार उतरली असेल तर मला मागे चुलीपाशी कळायचं. पण मी कधी पुढे जाऊन बसले नाही आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही.

झटका आल्यावर दोन महिन्यांनी मी पाहिलं, की पांघरुणावर त्यांची डावी बोटं हलतात. आधी वाटलं खाज सुटली. मग लक्षात आलं की ते वाजवताहेत. मी गिटार आणून त्यांच्या छातीवर आडवी ठेवली. डावा हात लगेच दांडीवर गेला, बोटं जिथल्या तिथं बसली. पण उजवा हात मेलेला, तार छेडणार कोण? म्हणून मी छेडली. कोणती छेडायची ते ते डोळ्यांनी दाखवत. मी चुकले की ते नाकातून फूं करत. पंधरा दिवसांत मला जमायला लागलं. मग रोज दुपारी चार वाजता तासभर आम्ही असं वाजवायचो. त्यांनी दाबायचं, मी छेडायचं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचे आणि ते तारांकडे. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याजागी एखादा खिळा ठोकून त्याला नुसता हात अडकवला असता तरी त्यांना चाललं असतं. पण त्यानंतर ते पोटभर जेवायचे, ते मला पुरे होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून देवापुढे मांडतात. माझी हाराची सुई, कात्री, फुलं तोडायचा विळा, त्यांचे नट पिळायचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, आणि गिटार. गिटार दरवर्षी ते स्वतः पुसायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. यंदा मी पुसायला घेतली. तारांवर गंज आला होता, तारांखाली धूळ बसलेली. मी म्हटलं, करायचं तर नीट करावं. सहाही तारा सैल करून काढून ठेवल्या. शेवटची तार सुटली आणि घोडी आपोआप माझ्या मांडीवर पडली.

मला वाटलं, गोंद सुकून निघाली. तिच्या पायांच्या जागी पॉलिशवर दोन मळकट डाग होते. तेही मी खोबरेल तेलाच्या फडक्यानं घासघासून घालवले. चकचकीत केलं. तेलाची जागा परत साबणाच्या पाण्यानं पुसली, कारण तेलावर गोंद धरत नाही एवढी अक्कल होती. मग घोडी फर्निचरच्या पांढऱ्या गोंदानं चिकटवली. अंदाजानं, मधोमध, अगदी सरळ. वरून वरवंटा ठेवला. सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नैवेद्य दाखवला.

दसऱ्याच्या दुपारी तारा चढवल्या. मोकळ्या तारा मालकांनी डाव्या हातानं खुंट्या पिळून जुळवून घेतल्या, तोपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी बोट दाबलं आणि मी छेडलं. आवाज खोटा आला. दुसरीकडे दाबलं, आणखी खोटा. जितकं खाली जावं तितका खोटा. मलासुद्धा कळत होतं, मग त्यांना काय होत असेल. त्यांनी घोडीकडे नीट पाहिलं. बोट पुढे करून तिला ढकलून पाहिलं. ती हलली नाही. तेव्हा त्यांनी हात काढून घेतला आणि भिंतीकडे वळले. संध्याकाळी पुरणपोळी कुस्करून दिली, तोंड उघडलं नाही.

शेजारीण म्हणाली, "काकू, तुम्ही काकांना फार चढवून ठेवलंय. भूक लागली की खातील मुकाट."

"चार दिवस झाले."

"मग दुसरी घ्या की गिटार. आता फोनवर काय वाटेल ते मिळतं."

पुण्याहून लेकीनंही फोनवर तेच सांगितलं. फोन ठेवला, तारा उतरवल्या आणि घोडी काढायला उलथनं तापवलं. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

शेजारणीला मालकांपाशी बसवून मी गिटार गोधडीत गुंडाळली, तुकडा आणि पापुद्रा पदराच्या गाठीत बांधला आणि रिक्षानं कॉलेज रोडच्या मोठ्या वाद्यांच्या दुकानात गेले. आत गार हवा. काउंटरवरच्या माणसानं गिटार पाहून भुवया उडवल्या.

"आजी, ही हॉलोबॉडी आहे. हिचा ब्रिज, म्हणजे ही घोडी, आमच्याकडे नाही, मागवावा लागेल. पंधरा-वीस दिवस."

"सोमवारपर्यंत?"

"शक्यच नाही. एवढी काय घाई आहे?"

"जेवत नाहीत."

"कोण?"

"गिटारवाले."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं हसणं आवरलं. आतून एक जण म्हणाला, जुन्या गावात भद्रकालीकडे एक म्हातारे चाचा आहेत, पेटी-सतार दुरुस्त करतात, त्यांना विचारा.

चाचांचं दुकान म्हणजे एक खिंड. दोन्ही बाजूंना उघड्या पोटाच्या पेट्या, तुटक्या सतारी, मधे ते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिकटलेल्या तुकड्यावर बोट फिरवलं.

"गोंद किसने लगाया?"

"मी."

"क्यों?"

"सुटून पडली."

"अहो बाई, ती सुटणारच! हिला कोणी चिकटवत नाही. तारांच्या दाबानं उभी राहते, बस. एकेक तार काढायची, एकेक लावायची. सगळ्या एकदम काढल्या की घोडी पडली, जागा गेली." त्यांनी पोटावरून हात फिरवला. "पायांची खूण असते. कुठं गेली?"

"पुसली. मळ समजून."

"शाबास. एवढं मन लावून बिघडवलेलं काम फार दिवसांनी पाहिलं." मग विचारलं, "घरात किती वर्षं वाजलं हे?"

"चाळीसच्या वर."

"चाळीस वर्षं, आणि हे माहीत नाही?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

चाचा तोवर वाफेच्या फडक्यानं गोंद मऊ करायला लागले होते. ओलं फडकं, त्यावर गरम इस्त्रीचं टोक, मग पातळ सुरी. तुकडा सालासारखा निघाला. मी तापल्या उलथन्यानं जे फोडलं ते त्यांनी वाफेनं सोडवलं. पापुद्राही त्यांनी परत जागेवर बसवून दाबला.

"आज जुम्मा आहे. बारा वाजता बंद. वाद्य इथंच ठेवा, उद्या सकाळी या. लाकूड शिसवीचं आहे माझ्याकडे."

गिटार ठेवून मी रिकाम्या हातानं घरी आले. मालकांनी डोळे उघडून माझ्या हातांकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे.

"दुरुस्तीला दिली," मी म्हटलं. "उद्या आणते."

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. पेज केली होती, ती घेतली नाही. त्या दिवशी चार वाजले आणि मला काही काम नव्हतं. मी त्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसले. भाव काय झाला, कोण मेलं, कोणाची मुलगी उजवली, हे सगळं मी त्यांना रोज सांगायचे, पण भांडी घासताना, त्यांच्याकडे पाठ करून. समोर बसून सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच निघालं नाही. तासभर बसले आणि उठले.

शनिवारी चाचांनी घोडी कापून तयार ठेवली होती. वरची पट्टी, खालचे दोन पाय, मधे उंची वरखाली करायची जुनी दोन पितळी चाकं. पण पाय सपाट होते आणि गिटारीचं पोट फुगीर. त्यांनी पोटावर वाळूचा कागद पालथा न घालता उताणा ठेवला, खरखरीत बाजू वर. त्यावर घोडी ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"घासा. पुढे-मागे, दाब सारखा. पोटाचा आकार पायांत उतरला पाहिजे."

"मी?"

"हात रिकामे आहेत ना? मी ही पेटी करतो तोवर."

मी दीड तास घासलं. मधेमधे ते घोडी उचलून पोटावर ठेवायचे, पलीकडे बॅटरी धरायचे आणि पायाखालून उजेड येतो का पाहायचे. "आला. घासा." परत. "आला. घासा." फुलं ओवून माझी बोटं टणक झालेली, तरी कातडं सोललं. शेवटी एकदा उजेड आला नाही. चाचांनी कागदाचा कपटा पायाखाली सारून पाहिला, तो गेला नाही.

"आता जागा," मी म्हटलं. "ती तुम्ही लावून द्या."

"मी लावणार नाही."

"का?"

"मी पेटीवाला. अंदाज सांगतो. वरच्या हाडापासून, म्हणजे तारा सुरू होतात तिथून, बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच त्याच्यापुढे. दांडीवरच्या या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे, दोन ठिपके आहेत तो बारावा. पण ते झालं ढोबळ. बारीक ज्याचं वाद्य त्याचा कान सांगेल."

"त्यांना बोलता येत नाही, चाचा."

"मी कान म्हटलं. जबान नाही म्हटलं."

घरी येऊन मी शेजारणीला मोकळं केलं. मालक भिंतीकडे होते. मी पलंगाशेजारी जमिनीवर गोधडी अंथरली, गिटार तिच्यावर ठेवली. हाराचा दोरा घेतला. आमच्यात हार दोऱ्यानंच मोजतात. गळ्यापासून पदकापर्यंत एक बाजू मापायची, दोरा दुमडायचा, दुसरी बाजू आपोआप तेवढीच येते. हाडापासून बाराव्या पडद्यापर्यंत दोरा ताणला, दुमडला, तेवढाच पुढे टाकला. जिथं संपला तिथं घोडी ठेवली. सरळ. एका हातानं ती धरली आणि दुसऱ्या हातानं तार चढवली, मग दुसरी. तारा बसल्यावर तिनं जागा धरली.

मोकळी तार छेडली. मग बारावा पडदा दाबून छेडली. चाचा म्हणाले होते, दोन्ही आवाज एकच यायला हवेत, एक खालचा, एक वरचा. मला कधी एक वाटत, कधी वेगळे. घोडी केसभर सरकवली, परत छेडली.

"हे बरोबर आहे का?"

भिंतीकडून काही नाही.

"अहो, हे?"

अर्धा तास असा गेला. मग मला राग आला. मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बेचाळीस वर्षांत सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता विचारतेय तर तुम्ही भिंत बघता. बघा. मी आपली वाटेल तिथं लावते आणि परत गोंद घालते."

मालकांच्या नाकातून फूं झालं.

पलंग करकरला. त्यांनी डावा हात भिंतीला रेटून अंग वळवलं, पूर्ण नाही, अर्धं. मी उठून त्यांच्या पाठीला लोड लावला आणि गिटार छातीवर ठेवली. त्यांनी बाराव्या पडद्यावर बोट दाबलं. मी छेडली. त्यांनी कपाळाला आठी घातली, हात दांडीवरून काढला आणि अंगठ्यानं घोडीचं एक टोक मागे ढकललं, जाड तारांच्या बाजूचं. पातळ तारांची बाजू तशीच ठेवली.

"वाकडी होतेय ना," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. आणखी ढकललं. परत दाबलं, मी छेडलं. परत थोडं. सहाही तारा अशा झाल्या. घोडी तिरपी उभी राहिली. मी सरळ लावत होते तीच चूक होती. शेवटी त्यांनी वरपासून खालपर्यंत एकेक पडदा दाबत नेला, मी छेडत गेले, आणि एकही आवाज खोटा आला नाही.

मग त्यांनी काहीतरी वाजवलं. कोणतं गाणं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "हे कुठलं हो?" त्यांनी ओठ हलवले. शब्द आला नाही. परत हलवले. मी कान जवळ नेला. नुसती हवा येत होती. मी म्हटलं, "असू द्या." आता मला रोज काहीतरी विचारावंसं वाटत होतं. ही तार पहिली की शेवटची, हे लग्नात वाजवायचे की गणपतीत, त्या सुरतेच्या कार्यक्रमाला किती लोक होते. त्यातलं एकही ते सांगू शकणार नव्हते.

सहा वाजता मऊ भात आणि तूप कालवून दिलं. वाटीभर खाल्लं. अर्धी वाटी आणखी मागितली, म्हणजे वाटीवर बोट वाजवलं. मी डॉक्टरांना फोन करून नळीचं नको म्हणून सांगितलं. त्यांनी, "का हो, काय झालं?" विचारलं. "भूक लागली," मी म्हटलं. घोडीचं त्यांना काय सांगणार?

त्यानंतर ते नीट जेवले. दिवाळीचं जेवले, संक्रांतीचे लाडू कुस्करून खाल्ले. रोज चार ते पाच आम्ही वाजवलं. तेव्हाही ते तारांकडेच पाहायचे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं सोडून दिलं आणि मीही तारांकडे पाहायला लागले. त्यानं छेडणं सुधारलं.

माघात एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि डावा हातही पडला होता. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. तिथं नळी घालायची वेळ आली नाही, त्याआधीच ते गेले. लेक आली, तेरावं करून परत गेली. ऑर्केस्ट्रातलं कोणी आलं नाही. बहुतेक जण आधीच गेलेत, उरलेत त्यांना कोणी कळवलं नसेल.

मी बहात्तर वर्षांची आहे. मला काही झालेलं नाही, दोन्ही हात चालतात; पण चार वाजले की तारा दाबणारं कोणी नाही.